मुहूर्तावर बदललेला सेल

“अबे, बाप अंधारात मरून राह्यला अन् उजेड त्या माठावर कायले पाडून राह्यला?”

सर हॉलच्या मधोमध उभे राहून ओरडत होते. सर म्हणजे आमच्या कारंज्याच्या हौशी नाटक मंडळीचे दिग्दर्शक. शाळेत शिकवण्यात जन्म गेलेला माणूस; त्यांनी इथं खाकरलं तरी मालेगावच्या स्टँडवर एसटीच्या काचा थरथरतात. संध्याकाळी प्रयोग, सकाळची रंगीत तालीम, आणि मागच्या टेबलावर लाइटच्या मशीनपुढे मी.

“सर, मी काही करून नाही राह्यलो. ते आपल्या मनानं करून राह्यलं.”

“मंग तुले तिथं कायले बसवलं? शोभेले?”

मशीन जुनं, सोयाबीनच्या पोत्याएवढं जड. उचलायला चार माणसं लागतात. म्हणजे दोघं उचलतात, एक दार धरतो आणि मी ‘सांभाळून’ म्हणतो. त्याच्या पोटात एक छोटा सेल असतो. मशीन बंद असलं तरी त्याची आठवण तो सेल धरून ठेवतो. आणि त्या आठवणीत काकांचं अख्खं नाटक होतं: कोणता दिवा, कधी, किती आणि किती हळू.

काका रिठदचे, आमचे जुने लाइटवाले. या नाटकाचे लाइट त्यांनी सात दिवस सात रात्री अन्नपाण्याशिवाय बसून लावले, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं तर तीन दिवस लागले, आणि दोन्ही वेळचा झुणका-भाकरीचा डबा माझ्याच घरून जायचा. पुढे काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले. आता माणसाचा चेहरा दिसत नाही, फक्त उजेड आणि अंधार कळतो. म्हणजे सगळ्या जगात त्यांना पाहण्यासारखं एकच उरलं होतं, या नाटकाचे लाइट. त्या संध्याकाळी ते येणार होते आणि पहिल्या रांगेत बसणार होते.

त्यांनी मला मागे एकदा बजावलं होतं, “सेल बदलशील तवा मशीन चालू ठेव. वायर काढली तर समदं इसरून जाईन ते.”

सेल जुना झाला होता. पण नवी वस्तू मुहूर्ताशिवाय बसवायची कशी? मी दसऱ्यापर्यंत थांबलो. आदल्याच दिवशी दसरा झाला. मशीन पाटावर मांडलं, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, आपट्याची पानं ठेवली. आता पूजा झालेल्या अवजाराला त्या दिवशी कामाला लावत नाहीत. म्हणून मी आधी वायर काढली, हात जोडले आणि मग सेल बदलला. एवढ्या भक्तिभावानं आजवर कोणी कोणाचा गळा कापला नसेल.

सकाळी चालू केलं तर मशीनच्या छोट्या पडद्यावर नुसत्या मुंग्या. एक बटन दाबलं की भलताच दिवा लागायचा.

“फ्लॉपीत नक्कल हाय ना?” सरांनी विचारलं.

होती. तिचीही पूजा केली होती. पत्र्याच्या झाकणातून कुंकू आत गेलेलं. मशीननं ती गिळली, बकरीसारखा आवाज काढला आणि परत दिली.

अकोल्याच्या मेकॅनिकला फोन लावला.

“दोन बटनं दाबून धरा आन् चालू करा. साफ होईन.”

“काय साफ होईन?”

“समदं.”

दुसरा उपाय नव्हता. मी बटनं दाबली. मुंग्या गेल्या. प्रत्येक दिवा आपापल्या बटनाला ओ द्यायला लागला, नव्या विद्यार्थ्यासारखा. काकांचं मात्र तसूभरही उरलं नाही. टॉर्चनं बिबट्या पळवल्याची गोष्ट मी शंभरदा सांगितलीय, दरवेळी बिबट्या थोडा मोठा. त्या दिवशी मला साधी थाप सुचेना.

प्रयोग हातानं चालवला. बोटं दहा, दिवे त्याच्या दुपटीहून जास्त. बाप मरतो तिथं काकांनी पहाट अशी आणली होती, की कधी उजाडलं ते कळूच नये. माझी पहाट ट्यूबलाइटसारखी दोनदा फडफडून लागली. पहिल्या रांगेत काकांची मान वर होती. ती खाली गेली आणि मग वर आली नाही.

प्रयोग संपल्यावर सून त्यांना हाताला धरून माझ्या टेबलाशी घेऊन आली. ते बटनांवरून बोटं फिरवत राहिले. मी सगळं सांगितलं. मुहूर्त, वायर, फ्लॉपी. आयुष्यात पहिल्यांदा एक अक्षर न वाढवता.

“काका, तुमचं समदं गेलं. माह्या हातानं गेलं.”

त्यांनी बोटं एकमेकांवर चोळली, नाकाशी नेली.

“हळद पुसून घे,” ते म्हणाले. “चिकटली की बटनं दबत नाहीत.”