शिमोनबाबांच्या कानात

मी काही लिहावं एवढी माझी समज नाही. आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पण उनाडक्या करून नापास झालो आणि देवालाही तोंड दाखवू नये असं वाटू लागलं. तरी आईसाठी रविवारी चर्चमध्ये उपासनेला बसायचो.

शेजारी शिमोनबाबा असत. बाप्तिस्मा तरुणपणीच झालेला, आता कान गेलेले. पाळकांनी क्षमेचं वचन उच्चारलं की ते मला कोपरानं ढोसत.

"काय म्हणाले रे?"

"नेहमीचंच, बाबा."

"भूकही नेहमीचीच लागते. सांग की!"

मग मी कानाशी वाकून सांगायचो, "ख्रिस्तामुळे तुमच्या पापांची क्षमा झालीय." आज पहिल्यांदाच कळल्यासारखा त्यांचा चेहरा उजळायचा. मला नवल वाटे. माझ्या मते ही क्षमेची सुवार्ता चर्चबाहेरच्यांसाठी होती. आत आलेल्यानं फक्त नीट वागून दाखवायचं.

परवा प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घ्यायला सगळे उठले, मी बसून राहिलो. बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ते वाकले. इतके रविवार मी त्यांना पोचवलेली बातमी, साऱ्या मंडळीला ऐकू जाईल अशा आवाजात, अखेर माझ्या कानात आली:

"ख्रिस्तामुळे तुझ्या पापांची क्षमा झालीय, पोरा. ऊठ, चल."