‘लावणे’ची चिठ्ठी

दादाराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिल्लोडच्या बसमध्ये होतो. शेजारचा कापूस व्यापारी कुणाला तरी सांगत होता, “दुकान नव्यानं लावलं.” हे दादारावांना कळवायला हवं, असं लगेच मनात आलं... आणि मग लक्षात आलं, आता कळवणार कुणाला?

छावणीजवळ राहणारे हे माझे मित्र कारखान्यात सेटर होते. नवा जॉब आला की जुनं टूल उतरवून नवं चढवायचं, याला तिथं ‘मशीन लावणं’ म्हणतात. निवृत्तीनंतर त्यांना या क्रियापदाचं खूळ लागलं. बदली होऊन आलेल्या फौजीची बायको घर ‘लावते’, खुलताबादचा फूलवाला दुकान ‘लावतो’. मग ‘आवरणं’ वेगळं कसं? ते कुणालाही रस्त्यात अडवायचे. “म्हंजी नेमकं काय केलं तुमी?” उत्तर जसंच्या तसं चिठ्ठीवर उतरायचं आणि चिठ्ठी मिठाईच्या खोक्यात जायची. हळूहळू बाकीचे शब्दही येऊ लागले. लग्नाच्या पंगतीत वरण गार झालं तरी यांची चौकशी चालूच. मी वैतागायचो, ते हसायचे.

तीन आठवड्यांनी त्यांच्या पत्नी शांतावहिनींनी बोलावलं. चिठ्ठ्या कुणा अभ्यासकाच्या कामी याव्यात, असं त्यांना वाटत होतं. मी शहाणपणा केला. दोन दुपारी बसून सगळी खोकी रिकामी केली आणि चिठ्ठ्या अकारविल्हे लावल्या. वहिनी चहा घेऊन आल्या नि बघतच राहिल्या.

“भाऊजी, हे काय केलं? खोकी शब्दांची नव्हती, माणसांची व्हती. एका खोक्यात नुसतं माझं बोलणं व्हतं.”

चिठ्ठ्यांवर नावं नव्हती. मला इतकी लाज वाटली की चहा तसाच राहिला. मित्राची आठवण जपायला आलो आणि त्याच्या बायकोचं खोकंच मोडून बसलो.

मग रोज दुपारी मी वाचायचो, वहिनी ओळखायच्या. “ही माझी.” “ही नाय, ही चक्कीवाल्याची.” कुणाला कुठं गाठलं होतं, तेही त्या सांगायच्या. मलाच आता पुढच्या चिठ्ठीची ओढ लागली.

चौथ्या दिवशी ‘लावणे’चा गठ्ठा आला. अर्थ लिहायला सोडलेली जागा सगळीकडे कोरी. त्यात एक पिवळी पडलेली चिठ्ठी होती: ‘खोली एकच हाय, पण नीट लावली तर दोघांला पुरंल.’

वहिनींनी ती हातात घेतली, उलटी केली. मागं त्यांच्याच लग्नपत्रिकेची छपाई होती.

“नवी नवरी म्हणून आले, त्या दिवशी बोलले व्हते मी हे,” त्या म्हणाल्या. “तवाच लिहून ठेवलं की काय यांनी?”

 मग एक रिकामं खोकं ओढून त्यांनी ती चिठ्ठी तळाशी ठेवली आणि म्हणाल्या, “वाचा पुढची.”