हॅम्बर्गरचा इतिहास सांगणारी माझी रूममेट

ती टीव्हीवर पहिल्यांदा दिसली तेव्हा मी आमच्या वेस्ट विंडसरच्या घरात धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. कुठल्याशा जुन्या खाणावळीच्या काउंटरवर कोपर टेकून ती म्हाताऱ्या आचाऱ्याशी बोलत होती आणि खाली पट्टीवर तिच्या नावापुढे ‘हॅम्बर्गर हिस्टॉरियन’ असं लिहिलेलं होतं.

“ही तुझी स्टेट कॉलेजची रूममेट ना?” नवऱ्याने विचारलं.

मी “हो” म्हटलं आणि हातातल्या टॉवेलची नीट घातलेली घडी मोडून पुन्हा घातली.

स्टेट कॉलेज या युनिव्हर्सिटीच्या गावात आम्ही दोघी एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. ती नागपूरची, इतिहासात पीएच.डी. करणारी. मी पुण्याची, फूड सायन्सवाली. गाडी माझ्याकडे होती, तिला ड्राइव्ह करता येत नव्हतं. शनिवारी आम्ही आजूबाजूच्या गावांमधून भटकायचो आणि मिळेल तिथे बर्गर खायचो. दोघींच्याही घरी बीफचं नाव काढायची सोय नव्हती, त्यामुळे रविवारी घरच्या फोनवर आम्ही दोघी वरणभाताबद्दल बोलायचो. मांसाचा गोळा तापलेल्या लोखंडावर दाबला की त्याला ती करपट, खमंग कड का येते, हे तिला मी समजावून सांगितलं होतं. तोवर तिला बर्गर म्हणजे पावात घातलेली टिक्की एवढंच माहीत होतं.

एकदा तिच्या प्रोफेसरांनी तिचा रेल्वेचा विषय नाकारला. ती गाडीत हिरमुसून बसली होती. मी सहज म्हटलं, “मग बर्गरवर लिही. दर शनिवारी फील्डवर्कच तर करतोय आपण.”

ती हसली नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाली, “यार, हे होऊ शकतं.”

आणि झालं. आधी पेपर, मग थिसिस, मग छोटे व्हिडिओ, मग पुस्तक. कॉलेजात शिकवण्याची नोकरी तिने सोडली तेव्हा, खरं सांगते, मला जरा बरं वाटलं होतं. वाटलं, आता आपटेल. त्याऐवजी तिला ही सिरीज मिळाली. मुलाखतीत तिला विचारतात, हा विषय कसा सुचला? ती सांगते, “ग्रॅड स्कूलमध्ये कुणीतरी गमतीत सुचवलं होतं.” ते कुणीतरी म्हणजे मी. फ्रोझन व्हेजिटेबल पॅटीला धुराचा वास येईल असा फ्लेवर मी लॅबमध्ये बनवते. पाकिटावर तो ‘नॅचरल फ्लेवर’ या दोन शब्दांत मावतो.

तिची सिरीज मात्र मी एकही भाग न चुकवता पाहत होते. माझी मुलगी शेजारी बसायची. “शी इज सो कूल, आई. तू हिला खरंच ओळखतेस?” प्रत्येक वेळी तोच प्रश्न, तोच अविश्वास.

मग मागच्या वर्षी तिचा फोन आला. आम्ही जायचो त्यातल्या एका जुन्या बर्गरच्या दुकानात ती शूटिंग करणार होती. मालक ते विकणार होता. “तू ये ना,” ती म्हणाली. “सायन्सचं तू सांग. तुझ्याशिवाय ती जागा मला सापडलीच नसती.”

हे तिने कॅमेऱ्यासमोर म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. मी रजा टाकली, नवा निळा शर्ट घेतला आणि गाडी चालवताना काय बोलायचं याची रस्ताभर मनात तयारी करत गेले.

दुकान होतं तसंच होतं. मालक म्हातारा झाला होता. भिंतीवर त्याचा, त्याच्या वडिलांचा आणि आजोबांचा फोटो. मला सांगितलं होतं तसं मी तव्याजवळ उभी राहून बोलले: तापमान, चरबीचं प्रमाण, कांदा कधी घालायचा. मालकाला प्रश्नही विचारले. त्याने सभ्यपणे उत्तरं दिली. माझं चांगलं झालं, असं मला वाटलं.

मग ती त्याच्यासमोर बसली. बराच वेळ आजोबा, वडील, जुनी गिऱ्हाइकं असं चाललं होतं. ही सगळी उत्तरं त्याने आधी कितीतरी वेळा दिली असणार, हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. मध्येच तिने विचारलं, “रात्री दुकान बंद झाल्यावर हा तवा कोण घासायचं?”

तो थांबला. तीही थांबली. मी असते तर ती शांतता मी लगेच काहीतरी बोलून भरून काढली असती. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

“माझी बहीण,” तो म्हणाला. मग हळूहळू सगळं आलं. वडील आजारी पडल्यावर दुकान तिनेच चालवलं होतं. कांदा मांसात दाबून भाजायची रीत, जिच्यासाठी लोक लांबून यायचे, ती तिची. लग्न करून ती ओहायोला गेली आणि दुकान भावाच्या नावावर झालं. तिचा फोटो भिंतीवर का नाही, असं कुणी विचारलंच नव्हतं. सांगताना त्याने एप्रनने डोळे पुसले.

भाग त्या बहिणीवर झाला. माझी मैत्रीण ओहायोला जाऊन तिला भेटली आणि त्या बाईने, काठी बाजूला ठेवून, कॅमेऱ्यासमोर तो बर्गर करून दाखवला. माझं सगळं बोलणं कापलं होतं. निळ्या शर्टात मी एकदा घास घेताना दिसते, तेवढंच. मुलगी म्हणाली, “आई, यू लुक सो हंग्री.”

त्या बाईला बघताना मला रडू आलं आणि त्याच वेळी आतून जळतही होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की मैत्रिणीने माझा विषय घेतला, नशिबाने तिला टीव्ही मिळाला. पण त्या दुकानात शनिवारी कितीदा तरी मी तव्यासमोर उभी राहिले होते. मला तो प्रश्न कधीच सुचला नसता. तिच्या प्रसिद्धीचा हेवा करणं सोपं होतं. हा हेवा जड होता, कारण यात तिची काही चूक काढता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी लंच ब्रेकमध्ये मी गाडीत बसून तिला फोन केला. भाग आवडल्याचं सांगितलं. “तवा कोण घासायचं, हे तुला कसं सुचलं गं?”

“असं विचारलं मी?” ती म्हणाली. “आठवत नाही, यार. तुझं कापलं म्हणून रागावलीस का?”

“थोडी,” मी म्हटलं.

“मी पण भांडले एडिटिंगवाल्यांशी,” ती म्हणाली, आणि तिने ते खरंच केलं असणार. मग तिच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोललो, माझ्या मुलीबद्दल बोललो. फोन ठेवून मी लॅबमध्ये परत गेले.