उसाचं कांडं आणि चौथा रविवार

पलटणीतून सुटून साताऱ्याला आलो तेव्हा माझ्याजवळ एक क्लॅरिनेट होती आणि डोक्यावर वडिलांचा राग. आबा पायदळातले हवालदार. मी बँडमध्ये भरती झालो, म्हणजे त्यांच्या लेखी लष्करात गेलोच नाही. "बंदूक सोडून पिपाणी धरली," असं भावकीत सांगायचे. पंधरा वर्षांत त्यांनी मला एकदाही ऐकलं नव्हतं. मीही कसला मानी, कधी 'या' म्हटलं नाही.

सत्तर सालानंतरच्या एका डिसेंबरात महाबळेश्वरच्या एका हॉटेलानं जॅझचे कार्यक्रम ठेवले. चार रविवार, भर दुपारी, व्हरांड्यात, आणि दर वेळी दोनच वादक. एक चुकला तर झाकायला तिसरा नाही. चौथा रविवार माझा आणि पाचगणीत पियानो शिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या गोवेकराचा. मी अभिमान गिळून आबांना बोलावलं. काय मनात आलं कोण जाणे, ते हो म्हणाले.

त्या सकाळी त्यांना आणायला गावी गेलो. ऊसतोड चालू होती. आबांनी एक कांडं मोडून हातात दिलं. मी कोयता शोधू लागलो.

"पाव्हणा हाईस व्हय रं? दातानं सोल."

आमच्यात कोयत्यानं सोलून देतात ते पाहुण्याला. क्लॅरिनेटवर वरचे दात टेकवूनच फुंकायचं असतं, म्हणून दात जपा, असं मी पलटणीत नव्या भरतीला ओरडून सांगायचो. पण बाप इतक्या वर्षांनी मला घरचा म्हणत होता. सोलला. दुसऱ्याच पेराला वरचा पुढचा दात निम्मा तुटला. चोथ्याबरोबर तुकडा थुंकला आणि तोंड मिटलं. ऊस त्यांनीच दिलेला, सांगणार काय डोंबल.

एस.टी.त वाईच्या पुढं आबा म्हणाले, "लय गप हाईस."

"वाजवायच्या आधी बोलत नसतो, आबा," मी ओठांतल्या ओठांत म्हणालो.

पहिलाच सूर फाटला. दुसऱ्याला नुसती हवा निसटली. ओठ आवळला तर रक्त आलं. गोवेकरानं माझ्या तोंडाकडं पाहिलं, मान हलवली आणि माझेही सूर पियानोवर घेऊन एकटाच वाजवत सुटला. मी क्लॅरिनेट मांडीवर ठेवून बसून राहिलो. वाजवता येईना, उठून जाता येईना. समोर आबा, पटका बांधून, ताठ. पाऊण तास मी नुसता त्यांच्या वहाणांकडं बघत होतो. रडू येत होतं, तेही तोंड मिटूनच. शेवटी गोवेकर घामाघूम होऊन उठला, माझ्याकडं हात करून वाकला, आणि त्या भल्या माणसापायी लोकांनी मलाही टाळ्या दिल्या.

आबा जवळ आले. डोळे भरलेले.

"मला वाटायचं पिपाणी वाजिवतोस. तू तर सायेब निघालास गड्या. तू बसून, आन त्यो बिचारा राबतोय. वर त्यानंच तुला मुजरा केला."

साऱ्या नोकरीत त्यांनी हेच पाहिलं होतं, बसतो तो साहेब. पुढं दातही दिसला त्यांना. न्हाणीत घसरलो म्हणून सांगितलं.

मरेपर्यंत ते गावभर हेच सांगत राहिले. पंधरा वर्षं ज्या शाबासकीची वाट पाहिली ती मला एकही सूर न वाजवता मिळाली, आणि मी वाजवतो ते ऐकायला त्यांना पुन्हा कधी बोलावू शकलो नाही.