क्रियापदांच्या बैठका

संतापायला कारण लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्या बाबांचे तालमीतले एक मित्र, आमचे काका, पाहिलेले नाहीत. काकांइतका संतापी माणूस शाहूपुरीत झाला नाही, आणि मला त्यांच्याइतका संताप दुसऱ्या कुणी आणला नाही. कुस्ती सुटल्यावर ते नोकरीला पाँडिचेरीला गेले आणि परतताना फ्रेंच शिकून आले. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात फ्रेंच हवं होतं कुणाला? सापडले मी एकटी! शिकवण्याची रीत मात्र तालमीतलीच. क्रियापदाचे तुकडे पाडायचे आणि दर तुकड्याला एक बैठक मारायची. 'नू पार्लों'ला, म्हणजे 'आम्ही बोलतो'ला तीन, 'नू फिनिसों'ला, म्हणजे 'आम्ही संपवतो'ला चार. शब्दाच्या शेवटी नुसती लिहायची, उच्चारायची नाहीत अशी अक्षरं असतात. त्यांच्यासाठी मी चुकून वाकले, की काका खेकसत, "अगं, ती पावणं हायत! पावण्यांस्नी बैठका मारायला लावतीस व्हय? चल, पयल्यापास्नं!" मी रोज घरी लंगडत यायचे. आई पोटऱ्यांना तेल चोळताना म्हणायची, "भाषा शिकतीयास का कुस्ती?"

बारावीनंतर पुण्याच्या कॉलेजात फ्रेंचच्या प्रवेशासाठी तोंडी परीक्षा होती. "नापास झालीस तर शिरोळच्या स्थळाला हो म्हणायचं," असं बाबांनी बजावलं होतं. परीक्षक बाईंनी क्रियापद विचारलं आणि माझे गुडघे आपोआप वाकले. 'नू', खाली. 'फि', खाली. बाई घाबरून म्हणाल्या, "बरं वाटत नाहीये का? बसा ना!" काकांवरच्या रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण थांबले असते तर सगळंच विसरले असते. बैठका मारतच शेवटपर्यंत म्हटलं आणि पास झाले.

पेढे घेऊन तणतणत काकांकडे गेले. "तुमच्यामुळं हसं झालं माझं!"

"पास झालीस न्हवं?"

"झाले."

"मग जा की पुण्याला! हितं कशाला थांबलीयास?" पेढ्याला हातही न लावता ते परसात निघून गेले. काकू हळूच म्हणाल्या, "आता हे वरडणार कुणावर गं?"

काका जाऊन बरीच वर्षं झाली. मी आता फ्रेंच शिकवते. मुली चुकल्या तर गोड बोलून सांगते, त्यांनाही ते आवडतं. पण माझ्या एका चुकीच्या उच्चारानं ज्याचं रक्त उसळेल, असं जगात आता कुणी उरलं नाही. आणि यासाठीही मला राग त्यांचाच येतो.