उधाणवीराचा मंत्र आणि मागचा आवाज

"हेडफोन लाव आणि तो हाताचा शॉट ऐक! आत्ताच्या आत्ता!" निखिल मुंबईहून फोनवर ओरडत होता.

"अरे, तो मीच मिक्स केलाय."

"मग तुला ऐकू कसं आलं नाही?"

मी साउंड रेकॉर्डिस्ट आहे. शूटिंगच्या वेळी आवाज पकडायचा आणि नंतर सगळे आवाज एकत्र बसवून स्वच्छ करायचे, हे माझं काम. या एकत्र बसवण्याला आम्ही मिक्सिंग म्हणतो. राहते ओरोसला, त्यामुळे कोकणात शूट असलं की निखिलसारखे दिग्दर्शक मलाच बोलावतात.

आदल्या संध्याकाळी आमची डॉक्युमेंटरी टीव्हीवर लागली होती. 'उधाणवीर' नावाची चित्रकथा काढणाऱ्या माणसावर. एकेकाळी एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यांवर हे अंक दोरीला लटकत असायचे. उधाणवीर संकटात सापडला की समुद्राकडे तोंड करून मंत्र म्हणायचा, "या कुर्र कुर्र ती!" की भरती धावत यायची आणि शत्रू वाहून जायचे. चित्रकार सहीच्या जागी नुसता शंख काढायचा. पुढे अंक बंद झाले. तो कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नव्हतं.

निखिलनं त्यांना देवगड तालुक्यातल्या एका गावात शोधून काढलं. मी त्यांना काका म्हणते. नाव इथंही सांगणार नाही, कारण त्यांची अट अजून लागू आहे. चेहरा दाखवायचा नाही, नाव-गाव सांगायचं नाही, आणि एकदा टीव्हीवर पाहून त्यांना पटली नाही तर फिल्म पुन्हा दाखवायची नाही. म्हणून फिल्मभर दिसतात ते त्यांचे हात, पाठ आणि दौत.

मी हेडफोन लावले. शॉट असा आहे : काका बोरू घेऊन लाट काढतायत. निखिल विचारतो, "उधाणवीराचा मंत्र कुठून आला?" काका म्हणतात, "सुचला." आणि त्याच क्षणी मागच्या परसातून बाईचा बारीक आवाज येतो. कोंबड्यांना बोलावणारा. "याऽऽ! कुर्र कुर्र तीऽऽ!" कागदावरचा हात जागच्या जागी थबकतो.

शूटिंगच्या वेळी तो आवाज मला आला होता. पण मी काही उधाणवीर वाचलेला नव्हता आणि मंत्राचे शब्द फिल्ममध्ये कुणीच म्हणत नाही. खेड्यात कोंबड्या बोलावतातच, प्रत्येक घराची हाक वेगळी. वातावरणाचा आवाज म्हणून मी तो राहू दिला. निखिल कट्टर वाचक, पण त्याच्या कानाला ना शूटिंगला हेडफोन होते ना एडिटिंगला, त्यामुळे त्याच्यापर्यंत तो पोचलाच नाही. फॅन लोकांपर्यंत मात्र पोचला!

चॅनेलच्या पेजवर प्रतिक्रियांचा पूर आला होता. मी वाचायला बसले ती चहा गार होईपर्यंत उठलेच नाही. नागपूरच्या एका दंतवैद्यानं लिहिलं होतं, "आम्ही सगळी भावंडं गच्चीवरच्या टाकीसमोर उभं राहून हा मंत्र म्हणायचो. पाणी कधीच आलं नाही. का ते आज कळलं!" दुसरा म्हणे, "मी इतकी वर्षं सगळ्यांना ठासून सांगत होतो की हे पोर्तुगीज आहे. जाहीर माफी." एकीनं तो तुकडा मोबाईलची रिंगटोन केला होता. कुणी लिहिलं होतं, "'सुचला' म्हणे! हात बघा कसा थांबला!" आणि जो तो एकच विचारत होता. ती बाई कोण?

दुपारी चॅनेलच्या साहेबांचा फोन. "रविवारी पुन्हा दाखवतोय. त्या हाकेचा प्रोमो करायचाय. मोठ्या आवाजात द्या."

"सर, काकांची परवानगी लागेल."

"लागेल तर आणा ना!"

निखिलनं काकांना फोन लावला. पाच मिनिटांत त्याचा मला फोन. आवाज पडलेला. "काका म्हणतात, ती हाक काढून टाका, नाहीतर रविवारची परवानगी नाही. काही कर."

मी करून पाहिलं. पण हाक बरोबर 'सुचला' या शब्दावर येते. दोन आवाज एकाच माइकमध्ये एकाच वेळी शिरले की ते वेगळे करणं म्हणजे सोलकढीतून कोकम परत काढणं. हल्ली सॉफ्टवेअरनं बरंच साधतं, पण मागचा आवाज खरवडताना पुढचाही सोलला जातो. काका पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखे वाटू लागले. उरला उपाय एकच, ते उत्तरच कापायचं. म्हणजे सगळे ज्यासाठी टीव्हीसमोर बसणार, तेच गायब!

"तू तिथलीच आहेस, तूच जाऊन सांग," निखिल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या ओटीवर होते. काका समोर बसले, पण नजर दौतीवर. काकी पाणी घेऊन आल्या आणि माझ्यावरच तुटून पडल्या.

"गो बाय, माझो आवाज टीव्हीर इलो! माका आधी सांगूक व्हया होता. जरा बऱ्या आवाजात बोलावलं असतंय."

"काकी, लोकांना तोच आवडलाय."

"कोंबड्यांका बोलावलेला? लोकांका कामधंदो नाय?"

त्या हसत आत गेल्या. काका हळूच म्हणाले, "तां काढून टाक गो."

"काका, नाही निघत. सगळं करून पाहिलं. का काढायचं, ते तरी सांगा."

ते दौतीचं झाकण पुसत राहिले. मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी फोन काढला आणि लोकांनी लिहिलेलं वाचायला लागले. टाकीवाला दंतवैद्य आला तेव्हा काकांच्या मिशा हलल्या. पोर्तुगीजवाला आला आणि ते खो खो हसले. "अजून वाच," म्हणाले. वर्षानुवर्षं कुणाला भेटायला तयार नसलेला माणूस पाटावर पुढे सरकून ऐकत होता. एकानं त्यांनी काढलेल्या लाटेच्या फेसाचं कौतुक केलं होतं, ते त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मी रंगात येऊन वाचत सुटले, "'मंत्र म्हणजे हाक होती तर! ती बाई कोण? तिला आमचा नमस्कार सांगा.'"

"मंत्र? कसलो मंत्र?"

काकी दारात उभ्या होत्या. हातात सूप, सुपात कोंबड्यांसाठी तांदळाच्या कण्या.

मी काकांकडे पाहिलं. काका भिंतीकडे.

"तुम्ही उधाणवीर वाचला नाहीत, काकी?"

"हेंच्या पुस्तकात नुसती मारामारी. मी कधी वाचूक नाय."

आता माझ्या लक्षात आलं. काकांना भीती लोकांची नव्हती, काकींना कळण्याची होती. काका उठले, आत गेले आणि एक पिवळा पडलेला अंक घेऊन आले. पान उघडून त्यांनी तो काकींच्या हातात दिला. कड्यावर उभा उधाणवीर, दोन्ही हात वर, आणि डोक्यावर भलामोठा फुगा. काकींनी अक्षर अक्षर लावत मोठ्यानं वाचलं, "या... कुर्र कुर्र... ती."

 परसातून चार कोंबड्या धावत ओटीपर्यंत आल्या.

काकी हसायला लागल्या त्या थांबेनात. सूप खाली ठेवलं, पदर डोळ्यांना लावला. "आणि माका कित्याक सांगूक नाय?"

"तू हसशीत म्हणान."

"मगे हसूचा नाय तर काय करूचा?" मग त्या एकदम थांबल्या. "कधीपासून ह्यां?"

"पयल्या पुस्तकापासून. आपला लगीन झाला, त्याच वर्साचा."

काकींनी ते चित्र बराच वेळ पाहिलं. फुग्यातल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग अंक मिटून मांडीवर ठेवला आणि मला म्हणाल्या, "काढू नको गो. रवांदे."

काकांनीही होकारार्थी मान हलवली. मी तिथल्या तिथे निखिलला फोन केला. त्यानं पलीकडून मारलेली किंकाळी काकींनाही ऐकू गेली.

प्रोमोसाठी मी नवीन रेकॉर्डिंगही करून घेतलं. काकींनी केस विंचरले, साडी बदलली आणि माइकसमोर उभं राहून इतक्या अदबीनं हाक मारली की एकही कोंबडी फिरकली नाही. तो टेक वाया गेला. मग जुनीच हाक प्रोमोत गेली, मागच्या सगळ्या खरखरीसकट.

रविवारी शेवटच्या नामावलीत एक ओळ वाढली होती, काकांच्या सांगण्यावरून : 'उधाणवीराचा मंत्र – काकी'. त्यानंतर पेज पुन्हा दिवसभर वाहत होतं. आपापल्या गच्चीवर, अंगणात उभं राहून हाक मारल्याचे व्हिडिओ लोक टाकत होते. नागपूरच्या दंतवैद्यानं टाकीसमोरचा टाकला. पाणी याही वेळी आलं नाही.

मी मात्र एक धडा घेतला. आता कुणी "मागचा आवाज काढून टाक" म्हणालं की मी हो म्हणण्याआधी विचारते, तो कुणाचा आहे.