बाईसाहेबांचा खुराक

चहाचे दोन कप घेऊन ती आतल्या खोलीच्या दाराशी पोचली, तर आत बापलेकीचं वाजलं होतं.

"दूर नोकरीला जायचं तर आईला काय विचारायचं त्यात?" लेक म्हणत होती. "तिला ताट दिसतं, बाबा. ताटापलीकडचं तोंड दिसत नाही. आठवडाभर रडतेय मी, डोळे सुजलेत माझे. तिनं काय विचारलं माहितीये? अजून वाढू का."

आता नवरा आपली बाजू घेईल, असं तिला वाटलं. तो म्हणाला, "ती तशीच आहे गं. तिला दुसरं काही येत नाही."

लेकीचं सोडा, लेकी बोलतातच. पण नवरा बोलला तो रागानं नाही, मायेनं बोलला, आणि तेच कुसळासारखं आत जाऊन बसलं. रागाचं बोलणं माणूस विसरतो, मायेचं कुठं विसरतंय. ती पाऊल न वाजवता मागं फिरली. चहा परत पातेल्यात ओतला, गरम केला, आणि दुसऱ्या खेपेला चपला आपटत, खोकत खोकत आत गेली.

"साखर बघा बरोबर आहे का," ती म्हणाली.

ऐकलं ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

तिला सगळे डावमावशी म्हणायचे. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ती स्वयंपाक करायची. हातात कायम लांब दांड्याचा डाव. बोट दाखवायचं तरी डावानं, कुणाला दटावायचं तरी डावानं. रांधायची खोली आणि जेवायचा हॉल यांच्यामधल्या भिंतीला एक बुटकी खिडकी होती. तिच्यातून भरली ताटं पलीकडे जायची आणि उष्टी परत यायची. पलीकडच्या माणसाचं पोट आणि हात तेवढे दिसत. तोंड बघायचं तर कमरेत वाकायला हवं, आणि त्या घाईत वाकतंय कोण? म्हणून मावशी माणसं ताटांवरून ओळखायची. हा हाडं ओळीनं मांडून ठेवणारा, तो भाजी कडेला सारणारा, हा दुसऱ्याच्या ताटातलं उचलणारा. ताट चाटूनपुसून आलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. आणि एक नियम होता: तिनं चाखल्याशिवाय खिडकीतून पाण्याचा थेंबसुद्धा जायचा नाही.

लेक शेवटी दूर गावी नोकरीला गेलीच. जाताना मांजरीचं एक पिल्लू आईच्या ओटीत टाकून गेली. पिल्लू कसलं, बाईसाहेब. पहिल्या दिवसापासून उशीवर बसणार, दार उघडायला हुकूम सोडणार. पुढं नवरा गेला. घरात दोघीच उरल्या, आणि दर रविवारी दुपारी येणारा लेकीचा फोन.

"बाईसाहेब कशा आहेत?" लेक पहिलं हेच विचारायची. खरं सांगायचं तर शेवटचंही हेच. मायलेकींना बोलायला दुसरा विषयच नव्हता. मग मावशीनं युक्ती काढली. तिचे गुडघे धरले की ती सांगायची, "बाईसाहेबांना जिना चढवत नाही हल्ली." तिला एकटं वाटलं की, "बाईसाहेब खिडकीत बसून वाट बघतात." लेकीला कळत होतं की नाही, देव जाणे. पण फोन येत होता.

आणि बाईसाहेब म्हाताऱ्या झाल्या.

आधी पाठीचे मणके हाताला लागायला लागले. मग मांड्या सुकल्या. एक दिवस मावशीनं तिला उचललं तर बाजारात नेताना रिकामी पिशवी उचलावी तसं वाटलं. तिनं मांजर लगेच खाली ठेवलं, जणू हातात आणखी धरलं तर आणखी हलकं होईल. त्या रविवारी फोनवर ती म्हणाली, "खातात ना. चाटूनपुसून." ही गेली तर रविवारी फोन कशासाठी वाजेल? हा विचार एकदा आला तो आलाच. कांदा चिरताना, पीठ मळताना, खिडकीतून ताट सरकवताना, सारखा पाठीशी उभा.

जनावरांची डॉक्टरीणबाई तरुण होती. हात मात्र सावकाश चालणारे. तिनं तोंड उघडून बघितलं, पोट चाचपलं, रक्त काढलं. किडलेली एक दाढ काढून टाकली. "मूत्रपिंडं म्हातारी झालीत, पण अजून साथ देतायत," ती म्हणाली. "आता वजन वाढायला हवं." तिनं एक ट्यूब दिली, मधासारख्या चिकट लेपाची, पंजाला लावली की मांजर चाटून घेतं ती. आणि एक डबा भुकटीचा. खाणं कोमट करायचं, त्यावर भुकटी भुरभुरायची, थोडं थोडं, दिवसातून बऱ्याचदा.

"आणि यात दुसरं काही मिसळू नका," डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

मावशीनं मान डोलावली. दुसरं काही म्हणजे दुसरं औषध, असं तिनं धरलं. तिच्या जागी कुठलीही स्वयंपाकीण असती तरी हेच धरलं असतं.

बाईसाहेबांनी लेपाचा पंजा झटकला. भिंतीवर, पडद्यावर, मावशीच्या चष्म्यावर लेप. भुकटी टाकलेल्या ताटलीचा वास घेतला आणि पुढच्या पायानं फरशी खरडायला लागल्या. घाण केल्यावर मांजर माती लोटतं ना, तसं. मावशीच्या उभ्या आयुष्यात तिच्या ताटावर कुणी माती लोटली नव्हती.

मग तिनं नियमाप्रमाणे भुकटी स्वतः चाखली. वास सुक्या मासळीचा, चव खडूची. "यात चवच नाही," ती बाईसाहेबांना म्हणाली. "कोण खाईल? मी तरी खाईन का?"

दुसऱ्या दिवशी तिनं हाडांचं पाणी काढलं. चमचाभर लोण्यात कांदा बारीक चिरून लालसर परतला, लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून टाकल्या, ते सगळं त्या पाण्यात उकळलं, गाळलं, कोमट केलं, आणि त्यात भुकटी कालवली. वास असा सुटला की शेजारीण खिडकीतून डोकावून गेली. बाईसाहेब उशीवरून उतरल्या. आल्या. वास घेतला. आणि ताटली चाटून लख्ख केली.

मावशी भिंतीला टेकून खाली बसली. डोळ्यांना पदर लावला. रविवारी फोनवर तिनं पहिल्यांदा खरं सांगितलं, "चाटूनपुसून खाल्लं," आणि लेक हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

मग रोज तेच. लख्ख ताटली, मावशी खूष. बाईसाहेब दिवसभर झोपून असत, पण म्हातारी माणसं झोपतातच. हाक मारली तर कान हलवत, उठत नसत. मावशीला वाटायचं, पोट भरलंय, सुस्ती आलीय.

कॅन्टीनमधली भांडीवाली एका रविवारी सकाळी मावशीची राहिलेली छत्री द्यायला घरी आली. ती उंबऱ्यातच थबकली.

"मावशी, हिला काय झालंय?"

"कुठं काय? खाऊन झोपलीय. ताटली बघ ना."

"ताटली काय दाखवता मला?" भांडीवाली गुडघ्यावर बसली. तिनं अंगठ्यानं मांजरीचा ओठ वर केला. "हिरड्या बघा हिच्या. धुऊन धुऊन विटलेल्या फडक्यासारख्या झाल्यात. आणि श्वास बघा, भात्यासारखा."

मावशीनं बघितलं. हिरड्या पांढऱ्याफटक. बाईसाहेबांच्या शी-शूच्या वाळूत सकाळी काळपट काहीतरी दिसलं होतं, तेही आता आठवलं. दिसलं होतं, पण बघितलं नव्हतं. तिनं कॅन्टीनचा ॲप्रन ओढला, बाईसाहेबांना त्यात गुंडाळलं आणि चपला न घालता निघाली. भांडीवाली चपला हातात घेऊन मागं.

दवाखाना दोन गल्ल्यांवर. पण त्या दिवशी गल्ल्या सरता सरेनात. ॲप्रनमधलं ते हलकं ओझं मधूनच थरथरायचं, आणि थरथरायचं थांबलं की मावशी रस्त्यात उभी राहून कान लावायची. श्वास आहे का. आहे. मग पुढं.

"काय दिलं खायला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तुमचाच खुराक."

"आणि?"

"हाडांचं पाणी."

"नुसतं?"

नेमका कशाचा गुन्हा झाला ते मावशीला कळलं नव्हतं, पण झालाय हे डॉक्टरीणबाईंच्या हातावरून कळलं. तो सावकाश चालणारा हात थांबला होता.

"कांदा," ती म्हणाली. "लसूण. चवीपुरता."

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मांजराला कांदा-लसूण विष असतो, मावशी," त्या म्हणाल्या. "तुकडे गाळून काढले तरी पाण्यात उतरतो. त्यानं अंगातलं रक्त फुटतं. पोट भरत होतं तिचं, आणि रक्त आटत होतं." त्यांनी बाईसाहेबांना काचेच्या पेटीत ठेवलं, नळी लावली, दुसऱ्या मांजराचं रक्त मिळतंय का बघते म्हणाल्या. "जगेल असं आत्ता सांगत नाही. तुम्ही घरी जा. मी कळवते."

घरी ओट्यावर परतलेला कांदा तसाच होता. घरभर त्याचा वास. जन्मभर ज्या वासानं लोक खिडकीशी गोळा झाले, तो वास तिला सोसवेना. तिनं भांडं दाराबाहेर नेऊन ठेवलं, दार लावलं, तरी वास जाईना, मग कळलं, तो तिच्या हातांना आहे. तिनं हात धुतले. परत धुतले.

दुपारी फोन वाजला. दवाखाना असेल या भीतीनं तिचा हात उचलेना. उचलला तर लेक.

"बाईसाहेब कशा आहेत?"

खातात, झोपतात, बरं चाललंय, सगळं जिभेवर तयार होतं. मावशीनं ते गिळून टाकलं.

"मी तिला कांदा घातला," ती म्हणाली. "चव यावी म्हणून. दवाखान्यात आहे. जगते की नाही, सांगत नाहीत."

फोन चालू आहे की ठेवला, ते मावशीला कळेना.

"मी ताट बघत राहिले गं," मावशी म्हणाली. "ताट लख्ख असायचं. तोंड बघितलं नाही मी तिचं."

मग लेकीचा आवाज आला, अगदी बारीक. "आई. ते ऐकलं होतंस तू?"

"दाराशी होते. चहा घेऊन."

"चहा तर गरम होता."

"परत तापवला."

लेक रडत होती की हसत होती, फोनवर कळत नाही. मावशीनं घाबरून विचारलं, "आता ठेवतेस का?"

"नाही. तूही ठेवू नकोस."

मग दोघी तशाच बसून राहिल्या, फोन कानाला लावून, काही न बोलता. मांजर वाचेल की नाही याची भीती दोघींना मिळून वाटत होती. एकटीनं भिण्यापेक्षा ते बरं असतं.

बाईसाहेब वाचल्या. एका लठ्ठ बोक्याचं रक्त अंगात घेऊन घरी आल्या आणि आल्या आल्या उशीवर दुसरं कुणी बसलंय का ते बघितलं. मावशी मात्र पहिल्यासारखी झाली नाही. भीती काही गेली नाही, त्या भीतीला फक्त काम मिळालं. रोज सकाळी ओठ वर करून हिरड्या बघायच्या. खाणं कोमट पाण्यात, भुकटी, बस्स. बाईसाहेब आधी तोंड फिरवायच्या. मावशी स्टूल ओढून समोर बसायची आणि तोंड बघत राहायची, ताटली नाही. तिला हळूहळू कळलं की मान तिरकी केली म्हणजे दाढ काढली त्या बाजूला लागतंय, मग ती खाणं आणखी पातळ करायची. डोळे मिटले म्हणजे गोडी लागली. घास घास करत वजन चढलं.

कॅन्टीनमध्येही ती मधूनच खिडकी सोडून पलीकडे जायला लागली. डाव हातात धरून जेवणाऱ्यांची तोंडं न्याहाळत उभी राहायची. लोक बिचकायचे. "मावशी, मीठ बरोबर आहे," एकानं न विचारताच सांगून टाकलं. "मीठ नाही विचारलं," ती म्हणाली. "तुझा चेहरा का असा उतरलाय?" दुसऱ्या दिवशी तो खिडकीशी आला तेव्हा स्वतःहून वाकला.

लेकीचा फोन आता कधीही यायचा. बाईसाहेबांचं विचारून झालं की ती विचारायची, "आणि तुझे गुडघे?"

बाईसाहेब आता लेकीकडे असतात, तिथंही उशीवरच. म्हणजे मावशीच्याही मागं राहिल्या. मांजर कधी जाईल या धास्तीत जिचा जन्म गेला, तिचंच हृदय आधी थांबलं. त्याच्या आदल्या दुपारी ती दवाखान्यात गेली होती, भुकटीचा डबा आणायला. तो शेवटचा, पण ते तिला काय माहीत?

काउंटरवरच्या माणसानं डबा पुढं केला. तिनं तो फिरवून बघितला, वाचता कुठं येत होतं तिला, आणि नेहमीचं विचारलं, "यात कांदा नाही ना?"

"नाही मावशी. मागच्या खेपेलाही नव्हता."

"तरी विचारलेलं बरं."

घरी येऊन तिनं पाणी कोमट केलं, मनगटावर थेंब टाकून बघितला, भुकटी कालवली. बाईसाहेबांचा ओठ वर केला. हिरड्या गुलाबी. मग चिमूटभर स्वतः चाखली, खडूची चव होती तशीच, आणि ताटली खाली ठेवून ती स्टूल ओढून समोर बसली.